याकोबकाकांचा साका

आमच्या गल्लीत दसऱ्यापासून नाताळापर्यंत कुणीही दार आपटत नाही. स्कूटरवाले कोपऱ्यावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणतात. नव्याने राहायला आलेल्याला वाटतं, कुणाच्या तरी घरी फार आजारपण असावं. मलाही तसंच वाटलं होतं. बदली होऊन श्रीरामपूरला आलो आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर शेजारचे याकोबकाका अनवाणी धावत आले आणि कानाशी कुजबुजले, "सर, हातोडा खाली ठिवा. साका हलंल."

साका म्हणजे काकांच्या द्राक्षाच्या वाईनीतला गाळ. मार्चमध्ये काळी द्राक्षं स्वस्त झाली की काका ती हातांनी चुरतात, साखर घालून आंबवतात, फडक्यातून गाळतात आणि गुडघ्याएवढ्या काचेच्या बरणीत भरतात. दसऱ्याला ती बरणी टेबलावर चढते आणि काका तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. गाळ हळूहळू तळाशी बसत जातो, वरची वाईन निवळत जाते. हे चालू असताना घरात पाय वाजवायची कुणाची टाप नसते.

गंमत म्हणजे काका बसचे निवृत्त ड्रायव्हर. ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याची हाडं खिळखिळी केली, त्याला आता मांजराने मारलेली उडी सोसत नाही. आणि एवढं करून स्वतः वाईन घेत नाहीत. "मी डायवर मानूस," म्हणतात.

माणसंही ते साक्यावरूनच जोखतात. जावयाबद्दल विचारलं तर, "पोरगं चांगलं हाय, पन गढूळ हाय अजून. बसंल साका." मी कधी कुणावर चिडून घरी आलो, की ओट्यावरून हाक येते, "बसा सर. हलू नका जरा येळ." आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ न हलता बसलं की बरं वाटतं.

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते काकूंनी सांगितलं. काकांची आई ते रांगत असतानाच गेली. थोरल्या बहिणीने, म्हणजे पुणतांब्याच्या अक्काने, त्यांना वाढवलं. वाईनही तिनेच शिकवली. दर नाताळाला पहिली बाटली घेऊन काका तिच्याकडे जातात. अक्का बाटली घेऊन खिडकीशी जाते, उजेडात धरते आणि म्हणते, "याकू, साका हाय." पाद्रीसाहेब वाखाणतात, सगळी गल्ली वाखाणते, पण तोवर अक्का एकदाही 'निवळ' म्हणालेली नव्हती.

"तिनं एकदा म्हनलं की मी सुटलो," काका मला म्हणाले होते.

गेल्या नाताळात तो योग आला होता. बरणीमागचं कॅलेंडर वाचता येईल इतकी वाईन निवळली होती. आदल्या दिवशी बाटल्या भरायला काकांनी मला मदतीला बोलावलं, अर्थात चवड्यांवर. पद्धत ठरलेली. नळीचं एक टोक पट्टीला बांधून साक्याच्या चार बोटं वर सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि वाईन आली की झटकन बाटलीत घालायचं. काका खाली पाटावर बसले. त्यांनी नळी ओठांत धरली आणि नेमक्या त्याच वेळी काकूंनी स्वयंपाकघरात मटणाच्या मसाल्यासाठी लाल मिरच्या तव्यावर टाकल्या.

काकांना शिंक आली. नळी तोंडातच होती. ती सगळी शिंक नळीतून बरणीत गेली, तळाशी बुडबुडे उठले आणि दोन महिने बसलेला साका वरपर्यंत आला. काका नळी तोंडात धरून तसेच बसून राहिले.

काकू पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "तुमी चालू नको म्हनला हुता," त्या म्हणाल्या, "भाजू नको कवा म्हनला?"

पुन्हा निवळायला वेळ नव्हता. तीच गढूळ वाईन बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीतून पुणतांब्याला निघालो. काका शेजारी, बाटली मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ते उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. "आता कशाला जपताय?" मी विचारलं.

"सवय हाय, सर."

अक्का तेव्हा एकटीच राहायची. दारातच वाट बघत बसली होती. तिने बाटली घेतली, भिंतीला हात लावत लावत खिडकीशी गेली आणि उजेडात धरली. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, बाटलीत नुसता दुधाचा चहा भरल्यासारखा रंग होता. अक्काने बराच वेळ पाहिलं.

"निवळ झाली रं, याकू," ती म्हणाली. "आरपार दिसतंय."

काकांचा चेहराच उतरला. "अक्का, नीट बघ. साका हाय."

"न्हाई रं."

"हाय, अक्का. लई हाय."

स्वतःच्याच वाईनीला इतकी नावं ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. अक्का हसली आणि भावाच्या गालावरून हात फिरवायला वाकली. हात गालाच्या बाजूलाच, हवेत फिरला. काकांनी तो धरून आपल्या गालावर ठेवला.

परतताना त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. "मोतीबिंदू पिकलाय, आन मला बोलली न्हाई," ते म्हणाले. "मी आपला साका बघत बसलो वरीसभर."

जानेवारीत अक्काचं ऑपरेशन झालं. काकांनी तिला आपल्याच घरी आणून ठेवलं; तिच्या सामानात ती बाटलीही आली. अक्का झोपलेली असते म्हणून गल्लीत दारं आपटायची बंदी पुढे चालू राहिली. काळा चष्मा निघाला त्या दिवशी अक्काने फळीवरची ती नाताळची बाटली स्वतःच उतरवली आणि खिडकीशी नेली. आतलं बोलणं मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं.

"याकू, ह्यात तर बोटभर साका हाय. बहिनीला असलं देताना लाज न्हाई वाटली?"

थोड्या वेळाने काका माझ्या दारात आले. डोळे भरून आले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "अक्काला साका दिसला."