चौकटभर पैलवान

छपाईसाठी फोटो लहानमोठा कसा करायचा, हे अख्ख्या इस्लामपुरात मला एकट्यालाच कळतं, असं १९९८ साली माझं ठाम मत होतं. डीटीपीच्या दुकानात लागून मला तेव्हा अकरा दिवस झाले होते!

त्यातच आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं पोस्टर माझ्याकडं आलं. माझा चुलतभाऊ शिवतेज त्यावर पहिल्यांदाच झळकणार होता. त्याची कुस्ती बघायला काका मिल्ट्रीतून खास सुट्टी काढून आले होते. शिवतेजचं वजन पंचावन्न किलो, तेही जेवल्यावर.

पहिल्यांदा त्याचा फोटो मी इंचाला बहात्तर ठिपके धरून स्कॅन केला आणि मोठा केला. नुसते चौकोन!

"ह्यो पैलवान हाय का फरशी?" जत्रा कमिटीचे भाऊसो म्हणाले.

मी शांतपणे तीनशे ठिपक्यांवर पुन्हा स्कॅन केला. आता मिशीचे केस मोजून घ्या! पण फोटो उभा आणि चौकट आडवी. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहिल्या.

"मोकळी जागा नगं."

"मग वरखाली कापावं लागंल, भाऊसो. पाय जात्यात."

"पाय कापल्यावर पैलवान उभा कशावर ऱ्हाईल रं?"

मुद्दा बिनतोड होता. मी फोटोची कड धरली आणि चौकट भरेपर्यंत आडवी ओढली. शिवतेजची छाती गोठ्याच्या दाराएवढी झाली!

"आता कसं भरल्यासारखं वाटतंय!" भाऊसो खूश. पाचशे पोस्टरं छापली.

त्यातलं एक पाटणला पोचलं. तिथले वस्ताद आप्पासो शिवतेजच्या जोडीला एक पंचावन्न किलोचं पोरगं आणणार होते. पोस्टर बघून त्यांनी त्या पोराला घरीच ठेवलं. मैदानात त्यांच्यामागून जे उतरलं, ते बघून हलगीवाल्याचा ठेका चुकला!

शिवतेज लंगोट लावून पुढं झाला. आप्पासोंनी त्याच्याकडं बघितलं, मग हातातल्या पोस्टरकडं.

"ह्यो कोण? पोस्टरवरचा गडी कुठं लपवला?"

"आवं वस्ताद, मीच त्यो!"

"गप रं! तुझ्यासारखी दोन मावत्याल ह्यात."

"मी फोटो वढलाय जरा," मी खुलासा केला.

"फोटो वढून माणूस मोठा हुतोय व्हय? मग माझ्या रेडकाचा वढ, उद्यापास्नं दूध काढतो!"

तेवढ्यात गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "त्यो बघा पोस्टरवरचा! भ्यालाय गडी, कापडं घालून उभा हाय!"

बोट माझ्याकडं होतं. आम्ही चुलतभाऊ, नाक एक, मिशी एक. फक्त माझं वजन ब्याण्णव किलो.

"कमिटीची अब्रू तुझ्या हातात हाय, गड्या," भाऊसो कानात म्हणाले आणि मागून ढकललं.

कुस्ती झाली. म्हणजे सलामीला मी हात पुढं केला आणि पुढच्या क्षणी मला आभाळ दिसलं. निरभ्र होतं.

"शिवतेज चितपट!" कर्णा गरजला. खरा शिवतेज अंगाला मातीचा कणही न लागता काकांशेजारी उभा होता. काका एवढंच म्हणाले, "माझी सुट्टी उद्या संपती."

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. भिंतीवर पोस्टर होतंच. काकांनी "शिवतेज, बॅग घे" म्हटल्यावर बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं पोस्टर बघितलं, शिवतेजला बघितलं आणि त्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"हारल्याचं लय मनाला लावून घेतलंस रं बाळा! एका रात्रीत निम्मा झालास!"