सुळक्यास दोर निवडिला त्याची बखर

“दोर घेणें तो डोळ्यांनीं घेऊं नये, बोटांनीं घ्यावा. डोळा रंग पाहतो, बोट पीळ पाहतें,” ऐसें थोरल्या आईसाहेब सुनेस सांगत असत. तें वचन स्मरोन, आणि जी देवी कड्याचे टोंकावर बसोन ऊनवारा सोसते तिचे पायीं मस्तक ठेवोन, हे हकीकत लिहिली असे. शके पंधराशें ऐशीं, विलंबीनाम संवत्सरीं, फाल्गुन शुद्ध पंचमीस सकाळीं हेर दौडत गडावर आला आणि वर्तमान सांगितलें कीं गनीम घाटमाथ्यास लागला, सांजेस खोऱ्यांत उतरेल. खोऱ्यांत ते दिवशीं देवीची जत्रा. बायकामुलें, गुरेंढोरें, मिठाईचीं दुकानें. कोणास कांहीं ठाऊक नाहीं. मनुष्य धाडावा तर वाट गनिमानें धरिलेली. एकच उपाय उरला. गडाशेजारीं सुळका आहे, त्याचे माथ्यावर देवी बसते; तेथें जाळ करोन ओला पाला टाकावा. गडाचा धूर नित्याचा, परंतु सुळक्यावर धूर उठला म्हणजे खोरें समजतें आणि रानांत शिरतें. परंतु गेले पावसाळीं वीज पडोन सुळक्याच्या वरल्या पायऱ्या उडाल्या होत्या. मध्यें ओटा आहे, तेथवर पायऱ्या. त्यावर नुसता कातळ.

राज्य त्या काळीं राणी उमाईसाहेब चालवीत. राजे वारले होते. बाई मोठ्या नेमाच्या आणि आवाज इतका मऊ कीं दरबारांत मागल्या मानकऱ्यांनीं कान पुढें करावे. त्यांचा दूधभाऊ धाकोजी नाईक. त्याच्या आईनें दोघांस दूध पाजिलें होतें. कड्यावर चालणारा त्याचे तोडीचा दुसरा नाहीं. तो पुढें जाहला आणि बोलिला, “आक्कासाहेब, मी चढतों. बोलणीं मग करा, आधीं दोर द्या.” चढण्याची रीत ऐसी कीं चढणारानें दोर कमरेस बांधावा, फटींत मेखा ठोकीत जावें, मेखेचे कडींतून दोर ओवावा, आणि खालीं ओट्यावर एकानें दोर हातीं धरोन सोडीत असावें. पाय निसटला तर मेख आणि दोर तारितात. दोर तुटला तर मनुष्य दरींत. आणि या राज्याची चाल ऐसी होती कीं ज्यानें दोर निवडिला त्यानेंच तो ओट्यावर धरावा. येणेंकरून दोराचे कामीं फुकटचें शहाणपण कोणी सांगत नसे.

ते दिवशीं मात्र सांगितलें. सबनीस नागोपंत हिशेबाचे धनी, ते बोलिले, “राजांचा दोर असतां विचार कसला? त्याच दोरानें राजे शत्रूचे गडावरून सुखरूप उतरले. घरचा दोर, कवडी पडत नाहीं.” हा दोर देव्हाऱ्याशेजारीं चौरंगावर असे आणि बाई रोज स्नान करोन आपले हातीं त्यास तेल आणि शेंदूर लावीत. राजे गेले त्या दिवसापासोन एक दिवस चुकला नाहीं. हवालदार सुभानजी हंसले आणि बोलिले, “पंत, तो दोर दोघांनीं उचलावा लागतो. नाईकांनीं मेखा ठोकाव्या कीं दोर वाहावा? गडावर सौदागर उतरला आहे त्याकडे रेशमाचा आहे, मुठींत मावतो.” पंत बोलिले, “मुठींत मावतो आणि कोठार गिळतो! सौदागर पावसाळ्याचें अर्धें धान्य मागतो. आषाढांत शिबंदीस काय रेशीम शिजवोन घालाल?” सुभानजी बोलिले, “मग अंबाडीचा नवा आहे, पोतीं वर ओढण्यास वळिला तो. स्वस्त आहे, मजबूत आहे.” पंत बोलिले, “तोही बैलाचें ओझें!” ऐसी दोघांची जुंपली आणि ऊन चढूं लागलें. धाकोजी दाराशीं उभा होता, तो बोलिला, “दोघांस एकाच दोराचे दोन टोंकांस बांधावें आणि सुळक्यावरून सोडावें. कोण जड तें कळेल.” तेव्हां दरबार हंसला, बाई हंसल्या नाहींत.

मग धाकोजी चौरंगापाशीं गेला, राजांचे दोरास हात जोडिले आणि बोलिला, “जड आहे खरा. परंतु आक्कासाहेब, रोज तुमचा हात फिरला आहे यावर. हा असतां मला भय नाहीं. हाच न्यावा.” आणि दोराचें टोंक कमरेस गुंडाळूं लागला. सर्वांस बरें वाटलें. बाईंसही वाटलें, आणि हुकूम ओंठावर आला. इतक्यांत सासूबाईंचें वचन मनांत उठलें आणि बाई गादीवरून उतरोन आल्या आणि डोळे मिटोन दोर बोटांनीं चाचपीत चालल्या. हात रोज फिरे तो वरोन, भक्तीचा. दाबोन कधीं पाहिलें नव्हतें. एके जागीं बोट आंत गेलें. बाईंचे अंगावर कांटा आला. हळू आवाजें बोलिल्या, “धाकोजी, सोड तो.” तो बोलिला, “कां?” बाई बोलिल्या, “सोड म्हणतें ना.” मग कोयता आणविला आणि दोर चिरविला, तों आंत उंदरांचें घर. तेलाचे वासानें शिरले आणि गाभा खाऊन गेले. वरोन शेंदुराची साल तेवढी तांबडी. बाईंस जें वाटलें तें लिहितां येत नाहीं. ज्या हातें पूजा केली त्याच हातें भावास दरींत लोटीत होतें, हें बाईंस कळलें. धाकोजीच बोलिला, “तुमच्या उंदरांनीं कोठीचें तूप सोडिलें आणि पूजेचें तेल धरिलें, आक्का. मोठे सोवळ्याचे.” बाई बोलिल्या, “आतां थट्टा पुरे.”

मग बाईंनीं रेशमाचा दोर मागविला आणि दगडाचे धारेवर घासविला, तों हां हां म्हणतां तंतू सुटले. बोलिल्या, “हलका आहे आणि कातळ धारेचा आहे. अर्ध्या कोठाराचें मोल देऊन हा घेणें नाहीं.” मग अंबाडीचा उचलोन धाकोजीचे खांद्यावर टाकिला आणि त्याची मान पाहिली. मान वांकली. चार पदरांचा दोर होता. बाई बोलिल्या, “एक पदर काढा. तिन्ही नव्यानें पिळा.” सुभानजी बोलिले, “बाईसाहेब, एक पदर म्हणजे बळ गेलें.” बाई बोलिल्या, “वजनही गेलें. बळ किती उरलें तें पाहूं.” मग दोर वळणारे बसले आणि तीन पदरांचा दोर वळिला, आणि बुरुजावरून धान्याचीं पोतीं टांगिलीं, धाकोजीचे दुप्पट वजनाचीं, आणि तीं वरोन हिसडलीं. दोर करकरला, तुटला नाहीं. बाईंनीं बोटांनीं पुन्हां पाहिला आणि बोलिल्या, “हा मी निवडिला.”

मग बाई पदर खोंचोन ओट्यावर चढल्या, पायऱ्या पाहून पंतांनीं डोळे मिटिले. धाकोजी सरपण, ओला पाला आणि चकमक पाठीस बांधोन कातळास लागला. बाई दोर सोडीत होत्या आणि ओंठीं नाम होतें, परंतु ध्यान दोराकडे. वारा सुटला. मेखेचा ठोका ऐकूं आला कीं दोर वर जाई. ठोका थांबला कीं बाईंचा जीव थांबे. माथा हाताशीं आला आणि धाकोजीचे पायाखालचा दगड सुटला. मनुष्य दगडासारखा खालीं आला, दोर बाईंचे तळहातांतून जळत गेला, आणि बाईंनीं दगडाआड टाच देऊन मूठ आवळिली. मेख राहिली. दोर राहिला. धाकोजी हवेंत झोंके घेऊं लागला आणि वरोन आवाज आला, “आक्का, आहां ना?” बाई बोलिल्या, “आहें. चढ.” मग चढला, आणि घटका न भरे तों माथ्यावर धूर उठला, काळा आणि सरळ, आणि खोऱ्यांतले जत्रेचे ढोल एकाएकीं थांबले. माणसें मुंग्यांसारखीं रानाकडे धांवतां दिसलीं.

मग उतरण्याचा विचार. धाकोजीनें वरोन पुसिलें, “दोर कसा आहे?” बाईंनीं सैल दोर खालीं ओढोन बोटें फिरविलीं, तों कातळाचे धारेवर घासोन एक पदर कापला होता. हिसका खाल्लेला दोर, त्यांत दोनच पदर उरले. कदाचित् धरतेही. बाई बोलिल्या, “एक पदर गेला. यावर उतरूं नको.” धाकोजी बोलिला, “मग हा दोर नवा दोर वर ओढण्यापुरता होईल, माणसास नाहीं. मी देवीपाशीं बसतों. परंतु आक्का, आतां चार पदरी आणा. मला वाहणें नाहीं, फुकट मजबुती मिळते ती कां सोडूं?” बाई बोलिल्या, “आणितें. माझे हातचा.” “तुम्हांस वळतां येतो?” “शिकेन.”

ऐसा दोराचा विचार जाहला. फुकटचा होता तो आंतून पोकळ निघाला, मोलाचा होता तो धारेस टिकला नाहीं, आणि जो घेतला त्यानें खोरें राखिलें आणि एकास माथ्यावर ठेविलें. राणी उमाईसाहेब ओट्यावरून उतरल्या, पायथ्याशीं आलेली पालखी परत पाठविली, जळल्या तळहातांस पदराची चिंधी बांधिली, आणि दोर वळणारांचे आळीची वाट धरिली.