पिकअपमधलं जास्तीचं तेल

तपासनिसांनी एका रविवारी सकाळी ठरवलं, की आजपासून आपण बायकोच्या उपयोगी पडायचं. तिथूनच सगळं बिघडत गेलं.

माणूस तसा सरळ. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे, बरोबर असला की शिक्का, नसला की नोटीस, हे त्यांचं तेवीस वर्षांचं काम. त्यामुळे गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, 'तपासनीस' म्हटलं की पुरे. घरातही तोच खाक्या. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तरी त्यांना चैन पडायची नाही. सासूबाईंच्या औषधाच्या चमच्यात खरंच पाच मिली मावतं का, हेही त्यांनी मोजून ठेवलं होतं. (चार पूर्णांक आठ. सासूबाईंचा खोकला त्यामुळेच रेंगाळलाय, असं त्यांचं ठाम मत होतं.)

बायकोची रोपवाटिका होती. कुंड्या पोचवायला तिने दोन वर्षांपूर्वी एक जुनी पिकअप घेतली, आणि ती ऑटोमॅटिक घेतली, कारण डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला क्लच दाबता येत नव्हता. त्याआधी तिच्या भावाचा टेम्पो होता. तो यायचा, पण त्याच्या सवडीने. सकाळी नऊला येतो म्हणून बारापर्यंत फिरकायचा नाही आणि ही बांधून ठेवलेल्या कुंड्यांशेजारी स्टुलावर बसून रस्त्याकडे बघायची. पिकअप आल्यापासून तिने कुणाची वाट बघणं सोडून दिलं होतं. स्टिअरिंगवर बसली की ती दहा वर्षांनी लहान दिसते, असं तपासनिसांना वाटायचं. हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

स्वतः तपासनिसांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी होती. एकदाच लावला होता आणि गाडी गुलाबाच्या वाफ्यात जाऊन थांबली होती. बॉनेटबद्दल मात्र बायको काही बोललेली नव्हती. मनाई नाही म्हणजे परवानगी आहे, असा त्यांनी कचेरीच्या पद्धतीने अर्थ काढला.

म्हणून त्या रविवारी, बायको आत वाफ्यांना पाणी देत असताना, त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनचं तेल कसं बघतात हे त्यांना शेजाऱ्यांकडून ठाऊक होतं. सकाळी, गाडी थंड असताना, सुरू करण्याआधी, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पुसायची, परत घालायची आणि वाचायची. तसं त्यांनी केलं. इंजिनचं तेल ठीक होतं. पण मागच्या अंगाला त्यांना आणखी एक पट्टी दिसली. तिच्यावर 'गिअर' असं लिहिलेलं होतं. तीही त्यांनी तशीच पुसली आणि वाचली. तेल लालभडक, आणि वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.

तपासनिसांचे डोळे चमकले. लोकांना वाटतं कमी भरलं तरच चूक, पण जास्त भरणं हीसुद्धा चूकच, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? रोपांना औषध द्यायची मोठी पिचकारी त्यांनी आणली, तिला बारीक नळी जोडली आणि पट्टीच्या नळीतून मोजून चारशे मिली तेल ओढून घेतलं. एकदम जास्त काढू नये, टप्प्याटप्प्याने काढावं, एवढा विवेक त्यांच्याजवळ होता. तेल त्यांनी काचेच्या बरणीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली: 'नमुना क्र. १', तारीख, मापन, खाली सही. बरणी अवजारांच्या खोलीत वरच्या फळीवर गेली.

असे चार रविवार गेले. फळीवर चार बरण्या झाल्या. पट्टीवरचं तेल हळूहळू खुणेकडे सरकत होतं आणि तपासनीस मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

चौथ्या आठवड्यात बायको जेवताना म्हणाली, "गाडी काहीतरी विचित्र करतेय. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. मग एकदम धक्का देऊन निघते."

"तुझा पाय जड पडत असेल," तपासनीस म्हणाले.

"दोन वर्षं हाच पाय आहे."

"मग माल जास्त भरत असशील."

"रिकामी होती. फक्त आई बसली होती शेजारी."

तपासनिसांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मी त्रेचाळीस किलो भरते. तुम्हीच मोजलंयत."

तपासनिसांनी रात्रभर विचार केला. गाडी घसरल्यासारखी करते. कशाने घसरते? तेलाने. म्हणजे तेल अजून जास्तच आहे. (हा माणूस सरकारी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला आहे, हे इथे सांगितलेलं बरं.) पाचव्या रविवारी त्यांनी पाचवी बरणी भरली. तेल आता खुणेवर अगदी रेघेला रेघ आलं. एवढं अचूक माप त्यांनी सराफाच्या दुकानातही पाहिलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पिकअप फाटकासमोरच्या चढावर ओरडत उभी राहिली आणि हळूहळू मागे आली.

नेमकं शनिवारी सकाळी दहाला बायकोला टेकडीवरच्या नव्या वाचनालयात एकशे चाळीस कुंड्या पोचवायच्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की वेळेवर आलात तर वर्षभराचं काम तुमचं. शुक्रवारी सकाळी गॅरेजचे मेस्त्री आले. त्यांच्या पाठोपाठ, कुणी न बोलावता, मेहुणाही टेम्पो घेऊन हजर झाला.

"तरी मी सांगत होतो, ऑटोमॅटिक घेऊ नकोस," मेहुणा टेम्पोला टेकून म्हणाला. "गिअरबॉक्स गेला म्हणजे ही भंगारात. उद्याचं मी बघतो. पुढचंही मीच बघत जाईन. तू आपली शेजारी बस."

बायको स्टुलावर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. त्याच जुन्या स्टुलावर. तपासनिसांना ते पाहवेना.

मेस्त्रींनी गाडी सुरू केली, जागेवरच दहा मिनिटं गरम होऊ दिली, गिअरचा दांडा एकदा सगळीकडे फिरवून पार्किंगला आणला आणि इंजिन चालू असतानाच मागची पट्टी ओढली.

"अहो मेस्त्री," तपासनीस पुढे सरसावले. "इंजिन बंद करा आधी. चालू गाडीत कधी तेल मोजतात का?"

"इंजिनचं नाही मोजत, साहेब. हे चालू गाडीतच मोजायचं." मेस्त्री पट्टी पुसत म्हणाले. "चालू असताना तेल वर सगळीकडे फिरत असतं. बंद केली की सगळं खाली उतरतं आणि पट्टी उगाच दोन बोटं जास्त दाखवते. ते बघून कोणी तेल काढायला लागलं तर गाडीची वाटच लागेल." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. "पण असं कोण करतंय?"

तपासनिसांची नजर अवजारांच्या खोलीच्या दाराकडे गेली.

पट्टी कोरडी होती. टोकाला नुसता लालसर ओशटपणा. मेस्त्रींनी वास घेतला. "किंचित करपलंय. पण रंग आहे अजून. आजच्या आज तेल मिळालं तर वाचेल." मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आले ते डोकं खाजवत.

"ताई, खाली एक थेंब गळलेला नाही. सगळं कोरडं ठणठणीत. मग तेल गेलं कुठे? हे वरवरचं दुखणं दिसत नाही. गिअरबॉक्स उतरवून, खोलूनच बघावा लागेल. आठ दिवस तरी धरा."

"झालं तर मग," मेहुणा म्हणाला आणि टेम्पोच्या मागचं फळकं पाडायला गेला.

बायकोने मान हलवली. "घ्या उतरवून," ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती कुंड्यांकडे बघायचं निमित्त करून लपवत होती.

आता तपासनिसांना दोनच मार्ग होते. एक म्हणजे मूग गिळून गप्प बसायचं. आठ दिवसांनी मेस्त्री म्हणतील आत काही सापडलं नाही, नवं तेल घातलं, गाडी चालते, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. दुसरा मार्ग अवजारांच्या खोलीत होता, वरच्या फळीवर. तोही मेहुण्यासमोर. मेहुण्यासमोर तोंडघशी पडण्यापेक्षा त्यांनी भर बाजारात खोटा काटा मंजूर केला असता. पण बायको स्टुलावरून उठत नव्हती.

तपासनीस आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रोपांचा ट्रे होता आणि त्यात ओळीने पाच बरण्या.

"गिअरबॉक्स खोलू नका," ते म्हणाले. "दोन लिटर कमी आहे. बरोब्बर दोन लिटर."

मेस्त्रींनी एक बरणी उचलली, चिठ्ठी वाचली. दुसरी उचलली, तीही वाचली. पाचही वाचून झाल्या. मेहुणा फळकं हातात धरून आ वासून उभा होता.

"सही पण आहे," मेस्त्री म्हणाले.

"फक्त नमुना क्रमांक तीन कमी भरतोय," तपासनीस कपाळाला आठ्या घालून म्हणाले. (अशा वेळीही माणसाचा स्वभाव जात नाही.) "साठ-सत्तर मिलीची तूट आहे."

"ते मी दारांना घातलं," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "बिजागऱ्या कुरकुरत होत्या."

"म्हणजे आई, तुला हे माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"मला वाटलं घरच्यासाठीच आणून ठेवलंय. एवढं नीट लिहून कोणी चोरी करतं का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. तपासनीस खाली मान घालून उभे होते. "मला वाटलं, तुझ्या काहीतरी उपयोगी पडावं," ते पुटपुटले. "तू ही गाडी चालवतेस तेव्हा फार बरी दिसतेस."

ती हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग पदर तोंडाला लावून, मग स्टुलावरच पोट धरून. हसता हसता तिला ठसका लागला, तरी ती थांबेना.

संध्याकाळपर्यंत काम उरकलं. मेस्त्रींनी गिअरबॉक्सखालचा ट्रे काढला, तळाशी झिजलेल्या धातूचा फार चुरा नव्हता, गाळणी बदलली, बरण्या बाजूला सारून नवं तेल भरलं आणि चालू गाडीत मोजलं. मोजताना तपासनीस चार पावलं लांब उभे होते. तसं त्यांना सांगण्यात आलं होतं.

शनिवारी दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांना पिकअपने टेकडीचा चढ एका दमात काढला, आणि दहाला पाच कमी असताना शेवटची कुंडी वाचनालयाच्या अंगणात उतरली. वर्षभराचं काम मिळालं. मेहुणा घरी सांगत सुटला की शेवटी सगळं गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतं.

परतताना बायकोने पिकअप मेस्त्रींच्या गॅरेजशी थांबवली, कारण भरपूर चालल्यावर तेल पुन्हा एकदा बघायला त्यांनीच सांगितलं होतं. इंजिन चालू ठेवून मेस्त्रींनी पट्टी काढली. तेल जिथे हवं तिथे होतं. "एकदम बरोबर, ताई," असं म्हणून त्यांनी बॉनेट लावलं. मग हात पुसत ते दुसऱ्या बाजूला, तपासनिसांच्या खिडकीशी आले. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, खरीखुरी काळजी होती.

"साहेब, एक विचारू? मागच्या महिन्यात आमच्या इथला भंगार तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा तुम्हीच तपासून, शिक्का मारून गेलात. त्या दिवशी इकडे वीज नव्हती. काटा चालू करून बघितला होतात ना?"

शेजारच्या सीटवरून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. तपासनिसांनी खिशातली डायरी काढून तारीख टिपली.

"सोमवारी येऊन जातो," ते म्हणाले. "तेवढा काटा चालू ठेवा."