वडावरचा यम

ब्राह्मणपुरीत झाड कुठलंही असो, त्यावर चढावं तर भाग्येशनंच! हे मत गावाचं नव्हे, भाग्येशचं स्वतःचं. गेल्या वर्षी चिंचेवरून पडून त्याने खांदा मोडून घेतला, हात गळ्यात बांधून बसला आणि बायको चेतनाने त्याला लहान पोरासारखं घास घास भरवलं. तेव्हापासून त्याने कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि मजबूत दोर असा सरंजाम आणला, आणि गडी पुन्हा हवेत गेला.

वटपौर्णिमेच्या सकाळी चेतना म्हणाली, "आजना दिन झाडवर चढानं नही."

"तू कसाले उपास करस? सात जनमनं माले माहीत नही, पन ह्या जनमनी ग्यारंटी हाऊ पट्टा देस."

बायको सात जन्मांसाठी उपाशी बसलेली असताना असं बोलणारा माणूस शहाणा कसा म्हणावा? चेतना गप्प झाली. ती गप्प झाली की भाग्येशला घरातली भांडीसुद्धा रागावल्यासारखी वाटत. 'बरं, नाही चढत' असा शब्द देऊन तो बाहेर पडला.

तेवढ्यात दूध डेअरीवाल्याचा फोन आला. रात्रीच्या वाऱ्याने डेअरीजवळच्या वडाची फांदी तडकून लोंबत होती, आणि बायका पूजेला बरोबर तिच्याच खाली येणार होत्या. आता काय करावं? बायका यायच्या आत काम उरकू, चेतनाला कळणारही नाही, असा हिशेब करून भाग्येशने शिडी वडाच्या बुंध्याला करकचून बांधली, वर चढून पट्ट्याचा दोर जाड फांदीला अडकवला आणि लोंबती फांदी कापून अलगद खाली सोडली.

तो उतरणार तोच उन्हाच्या भीतीने बायका लवकर आल्या, आणि सगळ्यांत पुढे चेतना! दिलेला शब्द आठवून भाग्येश पानांत दडला.

बायकांनी शिडी हलवून पाहिली, पण भाग्येशची गाठ ती, सुटते कसली! वयाने मोठ्या दगूबाईने तोड काढली की राहू द्या, शिडीवरूनच दोरा गुंडाळा. बघता बघता शिडीच्या खालच्या सगळ्या पायऱ्या दोऱ्याने भरल्या. आता उतरायचं म्हणजे गावातल्या साऱ्या नवऱ्यांच्या आयुष्यावर पाय देणं आलं. बरं, दोर धरून घसरावं, तर तो लांबलचक असला तरी पडल्यावर झेलण्यासाठी होता. त्यावरून खाली येणं ही सर्कस झाली असती. भाग्येश अवघडून बसला, आणि मुंगळे त्याच्या पायाची चव घेऊ लागले.

सहावा फेरा संपवून चेतना बुंध्याला हात लावून पुटपुटली, "वडबाबा, सातही जनम हाऊच नवरा दे. पन पुढला जनमले त्याले जमीनवरलं काम दे."

भाग्येशचा हात डोळे पुसायला वर गेला, आणि उकाड्याने बंद सैल केलेलं हेल्मेट थेट खाली पूजेच्या ताटात! आंबे चहूकडे गडगडले. कुणाला लागलं नाही ही वडाचीच कृपा.

दगूबाईने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. तिला कमी दिसे. "वडवर कोन शे? हातमा दोर शे त्यान्हा. यम उना का काय?"

"यम नही, दगूमाय," चेतना म्हणाली. "मन्हा घरवाला शे."

दोऱ्याला पाय लावायचा नाही, अशी दगूबाईची ताकीद वर पोचली. कुणीतरी डेअरीतली दुसरी शिडी ओढत आणली. चेतनाने ती मध्येच अडवून धरली.

"सकायले काय म्हनेल व्हतात, ते आठे सगळासमोर सांगा. मंग निसनी लावसू."

भाग्येशने सांगितलं. पट्ट्याची ग्यारंटी ऐकून बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मग तो हळूच म्हणाला की फांदी तुमच्या डोक्यावर पडली असती, म्हणून चढलो. चेतनाने बाजूला पडलेली फांदी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं आणि शिडी लावली. तो उतरताच तिने दोऱ्याची गुंडी त्याच्या हातात ठेवली.

"सातवा फेरा तुम्ही मारा."

माफी मिळाली! भाग्येश हरखून निघाला. मुंगळ्यांचे चावे विसरला, दुखरा खांदा विसरला, आणि कमरेचा दोर अजून वरच्या फांदीलाच बांधलेला आहे हेही विसरला. दोऱ्यामागून तो दोरही बुंध्याभोवती फिरला. फेरा पुरा झाला तेव्हा भाग्येश वडाला पाठ लावून असा गच्च आवळला गेला होता की हलताही येईना.

दगूबाईने जवळ जाऊन त्याला चाचपून पाहिलं.

"इतला वरीस या वडले दोरा बांधतांना देखा," ती म्हणाली. "नवरा बांधतांना आज पहिल्यांदा देखा."