खोबरेल पातळ, तूप घट्ट

आमचे थोरले भाऊजी खांबाशी बोलत.

डोक्यानं अगदी शाबूत होते. पण मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही आणि दिरानंही तिला थेट हाक मारायची नाही, ही आमच्या घरची रीत. मधे तिसरं माणूस लागे. सासूबाई कानांनी अधू. माझे मालक माधवनगरला गिरणीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी. मग उरला सोप्यातला खांब.

"खांबा, आत सांग रं, जरा चा टाका म्हनावं."

मी आतून बांगड्या वाजवायची. बांगड्या वाजल्या म्हणजे होय, भांडं आपटलं म्हणजे नाही. भाऊजी लढाईवरून घरी आल्यापासून सगळा संसार या दोन आवाजांवर चालला होता, आणि भांडं आपटायची वेळ माझ्यावर फार येई. आमच्या पितळी तांब्याला तेवढे पोचे उगाच नाही पडले.

फौजेत ते हवालदार होते. ते तिकडे असतानाच थोरल्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या. बाळ त्यांच्याही आधी गेलं. भाऊजी परतले तोवर दोन वर्षं उलटली होती. आले, ट्रंक ठेवली, पाय धुतले आणि शेतावर गेले. त्यांनी काही विचारलं नाही. सासूबाई तो विषय निघायच्या आधीच डोळ्याला पदर लावून उठत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराला शिस्त लावायला घेतली. चुलीजवळची लाकडं उंचीप्रमाणे उभी. कोंबड्या खुराड्यात जाताना रांगेत हव्यात. धार काढायच्या आधी म्हशीला "अटेन्शन!" म्हणायचे. ती बिचारी दचकायची आणि दूध चढवायची. कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं, "आमच्या पलटनीत असं चालत न्हाई."

पण हे सगळं मी सोसलं असतं. त्या साली जेठ महिन्यात धामणीची अंडी घरात आली आणि माझी सहनशक्ती संपली.

पावसाच्या आधी खत शेतात टाकायला गडी उकिरडा उकरत होते. खतात चांगली ऊब असते. तिथं एक भली मोठी धामण अंड्यांना वेटोळं घालून बसली होती. गड्यांनी तिला ठेचली. भाऊजी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"पळाली न्हाई व्हय रं?"

"न्हाई जी. अंड्यावरनं हललीच न्हाई. आयती गावली."

"गावली न्हाई गड्या," भाऊजी म्हणाले. "तिनं पहारा सोडला न्हाई."

हे मला गड्यानंच नंतर सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच, की भाऊजी उघड्या डोक्यानं आले आणि त्यांच्या पटक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"खांबा, आत सांग, मोठं गाडगं पायजे."

कोंबडीची अंडी असतील म्हणून मी बांगड्या वाजवून मोकळी झाले. मग दाराच्या फटीतून पाहिलं. पांढरी, लांबट, चामड्यासारखी मऊ अंडी, एकमेकांना चिकटलेली. तोवर गाडगं गेलं होतं.

"आता पहारा आपला," भाऊजी खांबाला सांगत होते. "ड्यूटी बदलली."

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी वाडी डोक्यावर घेतली. "आरं, धामण म्हशीच्या पायांना इळखा घालून दूध पिती! आन् तू तिची पिल्लं घरात वाढवनार?"

"आये, धामण उंदरं खाती!" भाऊजी त्यांच्या कानाशी ओरडले. "उसाची कांडी कोन कुरतडतंय? मी का तू?"

भाऊजींनी कुठल्याशा छावणीत कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं होतं. तसलं घरी करायचं ठरलं. सांगलीच्या बाजारातून चहाचं रिकामं खोकं आलं. त्यात सगळीकडून भाताचा कोंडा दाबला. मधे गाडगं, गाडग्यात त्याच उकिरड्यातलं ओलसर खत आणि खतात अंडी. खाली पत्र्याचा कप्पा करून त्यात कंदील, आणि वरच्या झाकणाला भोक. त्या भोकावर माझी परात. परात सरकवली की ऊब कमी, झाकली की जास्त. ज्या दिवशी भाकऱ्या जास्त थापायच्या, नेमकी त्या दिवशी परात ड्यूटीवर.

छावणीतल्या यंत्रात म्हणे अंडी रोज वळवायची असत. ही तर एकमेकांना चिकटलेली. भाऊजी दोन दिवस खोक्याभोवती चरफडत फिरले. "खांबा, हुकूमच मानंनात रं!" शेवटी नाद सोडला. तेच बरं झालं, असं मला आता वाटतं.

आता ऊब किती, हे कसं कळणार? थर्मामीटर कोण देणार? भाऊजींनी डोकं चालवलं आणि खांबाकरवी दोन वाट्या मागवल्या. एकीत माझ्या डोक्याचं खोबरेल, दुसरीत घरचं तूप. दोन्ही वाट्या गाडग्याच्या कडेला बसवल्या. खोबरेल थिजलं की ऊब कमी झाली, तूप वितळलं की जास्त झाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सोप्यातून आरोळी येई, "खोबरेल पातळ, तूप घट्ट! सब ठीक!"

सब ठीक त्यांचं. आठवड्यानं मालक घरी आले, ताटावर बसले. भाकरी कोरडी.

"तूप न्हाई?"

"धामणीला लागतं," मी म्हटलं.

"आन् तुझं केस का असं पिंजारल्यात?"

"खोबरेलबी तिलाच."

त्यांनी सोप्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि कोरडी भाकरी आमटीत कुस्करली. थोरल्या भावापुढे बोलायची त्यांचीही छाती नव्हती. निदान खांबाला तरी सांगायचं.

लढाई संपली तरी रॉकेल अजून कार्डावर मिळे. आमच्या वाट्याचं सगळं खोक्याखालच्या कंदिलात जाई. मी चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापायची आणि चुलीच्याच उजेडात जेवायला वाढायची. एकदा आमटीऐवजी सासूबाईंच्या ताटात ताकाची कढी पडली, तेव्हा त्या धामणीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

आषाढात म्हशीचं दूध आटलं. माझ्या मते ते त्या "अटेन्शन"नं आटलं, पण सासूबाईंनी अंड्यांवर बोट ठेवलं. मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "तो रानात गेला की उचल ती घान आन् दे ओढ्यात सोडून. त्यानं इचारलं तर मी सांगीन, मांजरानं न्हेली."

मला सांगायचीच खोटी होती. पाऊस लागला होता. भाऊजी इरलं घेऊन बांध बघायला गेले, तशी मी पदर खोचून खोक्यापाशी गेले आणि परात उचलली. आत अंधार. कंदील रॉकेल संपून विझलेला. खोबरेल थिजून पांढरं झालेलं.

मी तिथंच उभी राहिले. माझं खोबरेल, माझं तूप, माझी परात, महिन्याभराचं रॉकेल. आता ही अंडी गार पडली तर सगळं पाण्यात जाणार. एवढं घालून शेवटी काहीच नाही? असा संताप आला की काय सांगू! देवापुढच्या चिमणीत तळाला होतं नव्हतं ते रॉकेल मी कंदिलात ओतलं, काडी लावली, परात झाकली. खोबरेल पातळ होईपर्यंत तिथंच बसून त्या अंड्यांना शिव्या दिल्या. सासूबाईंना सांगितलं, ओढ्याला पाणी लय आहे, पाय ठेववत नाही.

पंचमीला दोन दिवस असताना खांबाला नवा हुकूम सुटला.

"खांबा, आत रिपोट दे! फुटली!"

मी फटीतून पाहिलं. अंड्याला चीर पडली होती आणि त्यातून एक बोटभर तोंड बाहेर येऊन जीभ लपलप करत होतं. भाऊजी गुडघ्यावर बसले होते, घोटभर पाणीही न पिता. दुसऱ्या दिवशीपर्यंत एक अंडं सोडून बाकी सगळी फुटली. सासूबाई काठी घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि काठी टाकून लाह्या-दूध आणायला गेल्या. "ऐन पंचमीला घरात आल्याली. आता मारतं का कोन? येडा कुठला." जणू काठी भाऊजींनीच आणली होती.

पिल्लं टोपलीत घालून भाऊजींनी उसात सोडली. मला वाटलं, सुटले. परात घासून घेतली. पण संध्याकाळी पाहते तो कंदील पुन्हा पेटलेला आणि परात पुन्हा खोक्यावर. एक अंडं राहिलं होतं ना!

पंचमी झाली, राखीपुनव झाली. मी भांडी आपटून आपटून दमले. अंडं पिवळं पडलं, चेमटलं, तरी आरोळी चालूच, फक्त आवाज बारीक. "खोबरेल पातळ, तूप घट्ट."

मग एका दुपारी आरोळी आली नाही. सासूबाई आत निजल्या होत्या. भाऊजी खांबाला टेकून बसले होते आणि ते अंडं त्यांच्या तळहातावर होतं.

"खांबा, आत इचार. ह्ये कुठं ठिवू?"

उकिरड्यावर! मी मनात म्हटलं आणि तांब्या उचलला.

"न्हाई, म्हनलं," ते थांबून म्हणाले, "आमचं ठिवलंय, त्याच्याजवळच ठिवावं. पर मला जागा ठावं न्हाई रं खांबा. कुठं ठिवलंय आमचं लेकरू?"

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. होयला बांगड्या होत्या, नाहीला भांडं होतं. 'कुठं'ला माझ्याकडे काही आवाज नव्हता.

बाळ गेलं त्या दिवशी घरात पुरुषमाणूस नव्हतं. सासूबाई जाऊबाईंच्या उशापासून हलू शकत नव्हत्या. शेजारच्या मुलाणीचाचांनी खड्डा खणला आणि बाळ मी नेलं होतं. चाचाही पुढच्याच साली गेले. ती जागा आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

मी पदर पुढे ओढला आणि उंबऱ्याबाहेर आले.

"चला भावजी," मी म्हटलं. "दावते."

माझाच आवाज मला परका वाटला. ते ताडकन उठले, जणू कुणी साहेबानं हुकूम केला. मी पुढं, ते मागं. विहिरीच्या अंगानं, बांधावरून, जांभळापर्यंत. मी बोट दाखवलं आणि बाजूला झाले. त्यांनी खुरप्यानं थोडीशी माती उकरली, अंडं ठेवलं, माती सारखी केली. मग हात तसाच मातीवर ठेवून बसले.

"हितं ऊन येतं का?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हटलं. "सकाळचं येतं. थंडीतबी."

"बरं," ते म्हणाले. "मग ऊब हाय."

घरी आल्यावर त्यांनी खोक्यातल्या दोन्ही वाट्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या, परातही ठेवली. सोप्यात बसले. खांबाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं.

"चा टाका जरा," म्हणाले.

मी सवयीनं बांगड्या वाजवल्या. मग म्हटलं, "टाकते."