वाव्हळे सरांचं झाकलेलं नाणं

टेबलावर नाणं पडलं आणि त्यावर कुणीतरी तळहात ठेवला. खाली छापा आहे की काटा? ‘मला माहीत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. पण ‘कुणालाच माहीत नाही,’ असं म्हणाल का?

आमच्या शेजारचे वाव्हळे सर हा प्रश्न भेटेल त्याला विचारतात. परभणीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवतात आणि कुठल्याच गोष्टीला सरळ उत्तर देत नाहीत. हॉटेलवाले चाचा विचारतात, “सर, चाय लाऊं?” सर म्हणतात, “बघेपर्यंत हो बी, अन् न्हाई बी.” चाचा कप आणून समोर आदळतात. “लो, अब देखो!”

पोरांनी त्यांना ‘दोन्हीबी सर’ असं नाव ठेवलंय. एकदा मुलीकडची माणसं एका मास्तरची चौकशी करायला आली. “पोरगा दारू पितो का हो?” सरांनी तेच उत्तर दिलं. सोयरीक मोडली. सुपारीच्या खांडालाही न शिवणारा तो मास्तर अजून सरांना पाहिलं की रस्ता बदलतो.

पूर्वी सर असे नव्हते. ‘हो म्हणजे हो’ असा कडक माणूस. मग वाचनालयात एक परदेशी मासिक त्यांच्या हाती लागलं, आणि लोक म्हणतात, तिथून डोकं फिरलं.

एका सरकारी कचेरीत संगणक आला तेव्हा शहर बघायला लोटलं होतं. थंडगार खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, यंत्राला हळदकुंकू. साहेबांनी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर अनवाणी उभे राहिले आणि म्हणाले, “ही मशीन म्हणजे लय जोरात पळणारा तलाठी हाय. आत नुसते दिवे. पेटला तर हो, इझला तर न्हाई. मधलं काई न्हाई. एक फेरफार संपला की दुसरा.”

साहेबांचा चेहरा पडला. सर थांबले नाहीत. शास्त्रज्ञ आता वेगळ्याच यंत्राचा विचार करतायत, म्हणाले. अजून ते कागदावरच आहे. त्यातला दिवा अणूएवढा बारीक. तो ‘हो’ आणि ‘न्हाई’ दोन्ही एकत्र धरून ठेवतो.

“म्हणजे ते उत्तराकडे जाणारे सगळे रस्ते एकदम पळून बघतं?” मी विचारलं.

“तिथंच फसता राव तुमी!” सरांनी मला ओढत बाहेर गुरांच्या हौदापाशी नेलं आणि पाण्यात दोन खडे टाकले. “लाटा बघ. हितं दोघी मिळून उंच झाल्या. हितं एकीनं दुसरीला मारलं, पाणी गप. चुकीची उत्तरं अशी एकमेकांना मारतात, बरोबर उत्तर वर येतं. पण मधीच डोकावलास तर खेळ खलास. बघितलं की एकच उरतं.”

मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेला. मला असली मधली उत्तरं चालत नाहीत. मी चिडून म्हणालो, “विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यालाही दोन्हीबी का?”

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तिथं हो. निस्तं हो. माझं घर जळालंय त्याच्यापायी.”

नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमच्या वस्त्या पेटल्या, त्यात सरांच्या गावातली वस्तीही होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटतील. वस्ती पेटली त्या दुपारी सरांचा धाकटा भाऊ किसन नदीकडे पळाला. पुन्हा तो दिसला नाही, त्याचं प्रेतही मिळालं नाही. गाव एका तोंडानं म्हणतं, “आमी काई बघितलं न्हाई.” किसनची बायको कमलताई तेव्हापासून सरांच्या घरी असते.

यंदा आम्ही त्या जाळपोळीत गेलेल्यांसाठी श्रद्धांजलीची सभा ठरवली आणि मी किसनचा फोटो मागायला गेलो.

“तो हाय बी, अन् न्हाई बी,” सर म्हणाले. “फोटोला हार घालायचा न्हाई.”

कमलताई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“भावजी, तुमच्या मशीनीला एकदा इचारा, मी कोण हाय? सवाशीण का रांडव? लग्नघरात ओटी भरत भरत बाया माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात थांबतो. कुंकवाची वाटी तशीच पुढं जाती. कवर असं दोन्हीबी राहू मी?”

तेव्हा मला कळलं. ‘न्हाई’ हा शब्द या घरात शिरू नये म्हणून या माणसानं सगळ्या परभणीत स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

 सरांनी खिशातून नाणं काढलं, पाटावर टाकलं आणि वर तळहात दाबला.

“कमल, मी चुकीची मशीन लावली. त्या अणूचं कुणी बघेपर्यंत खरंच काई ठरलेलं नसतं. किसनचं तसं न्हाई. हे साधं नाणं हाय. पडून गेलंय कवाच. नदीकाठच्या शेतात माणसं होती त्या दुपारी. ह्याच्यावर हात हाय, तो गावाचा.”

त्यांनी हात उचलला नाही. ताईनंही ‘उचला’ म्हटलं नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. फोटो न घेताच मी उठलो.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय. त्या दुपारी तुम्ही नदीकाठच्या शेतात होतात का? निळ्या सदऱ्यातला, डावा पाय जरा ओढत पळणारा तरुण तुम्ही पाहिलात का? साक्ष देऊ नका, सही करू नका, भीती वाटत असेल तर नावही सांगू नका. फक्त परभणीला या. वाव्हळे सरांचं घर कुणीही दाखवील. दारात उभं राहून कमलताईला एक शब्द सांगा, दोहोंपैकी कुठलाही. हात उचला.