माळावरचं पहिलं घर

रज्जाकचाचांच्या घरी आलेल्याला पाणी नंतर मिळतं. आधी भिंतीला लाथ मारावी लागते. "मार की जोरात! हलतीय का बघ!" असं म्हणून ते स्वतःच खूश होतात. विमा एजंटानं मारली. नव्या जावयानंही मारली आणि वरातीत लंगडला.

कऱ्हाटीजवळच्या आमच्या माळावर चाचांच्या आज्यानं पहिलं घर बांधलं. काळा दगड, हातभर रुंद भिंती, चोरांच्या भीतीनं ठेवलेल्या टीचभर खिडक्या. "तवा हितं लांडगी फिरायची. आज्यानं दगूड फोडला, आजीनं चिखल तुडवला. तुमी आयत्यावर आला," हे चाचा आम्हा शेजाऱ्यांना अधूनमधून ऐकवतात. आमची सिमेंटची घरं म्हणजे त्यांच्या मते 'बिस्किटं'.

गेल्या उन्हाळ्यात इंदापूरला दुकान असलेला त्यांचा मुलगा सलीम थेट जेसीबी घेऊनच आला. "अब्बा, नवं बांधू. तोवर दोघं माझ्याकडं चला."

चाचांनी दारात बाज टाकली आणि आडवे झाले. "पयलं मला उचल. मग दगूड!"

वर ड्रायव्हरलाच पाणी प्यायला आत बोलावलं. आतल्या गारव्यात तो असा घोरायला लागला, की त्याला उठवता उठवता सलीमला घाम फुटला. जेसीबी तसाच परत गेला.

मला हा निव्वळ हट्ट वाटला. दुसऱ्या दिवशी चाचांना समजवायला गेलो. ते गोठ्यात होते. चाची चहा घेऊन बाहेर येत होत्या. एक हात भिंतीवर, बोटं एकेका दगडावरून सरकत होती. मी अगदी समोर उभा, तरी त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

चाचांनी गोठ्यातून येऊन मला बाजूला घेतलं.

"दिसत न्हाय तिला. डॉक्टर म्हनला, नजर आता येनार न्हाय. हितला दगूड न् दगूड ती वळखती. सपाट भिंतीत तिला दार कसं घावंल?"

"मग सलीमला सांगा की."

"तिनं शपथ घातलीय. पोरगं माया करतं, पर तितं न्हिऊन खुर्चीत बसवंल. हितं ती अजून भाकरी करती."

"चहा गार व्हतोय," चाचींनी दारातून हाक मारली.

एरवी मांजरासारखे चालणारे चाचा मुद्दाम वहाणा वाजवत दाराकडं गेले. आवाजाच्या दिशेनं चाचींनी मान वळवली आणि बरोबर त्यांच्याकडं बघून हसल्या.